आईंचं मत

सकाळी साडेसहाला आमच्या दारात पेपर पडतो आणि सातच्या सुमारास घरात मतं यायला लागतात. मतं अर्थातच आमच्या सासूबाईंची. वय ७७, शिक्षण सातवीपर्यंत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसतात, आधी निधनवार्ता वाचतात, मग पहिलं पान. इकडे मी डबे भरत असते, हे दाढी करत असतात, मुलाचा एक मोजा सापडत नसतो. आणि आईंचं चालू असतं, "हे बघ काय छापलंय!"

मैत्रिणींनो, खरं सांगते, इतकी वर्षं मी त्यांच्या मतांना नुसतं "हो का?" म्हणत आले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं मत म्हणजे रेडिओ. लावलेला असतो, ऐकतं कोण?

पण त्यांची मतं कंटाळवाणी मात्र नसतात हं. २०२२ साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस. टी. फुकट झाली आणि २०२३ च्या मार्चात बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हा आई म्हणाल्या, "चांगलं केलं. बाईला माहेरी जायचं तर आता नवऱ्यापुढे हात पसरायला नको." यांनी विचारलं, मी कधी अडवलं का हिला? आई म्हणाल्या, "तुझं नाही म्हणत. तुझ्या वडिलांचं म्हणतेय." विषय तिथेच थांबला. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिना दीड हजार रुपये, वयाची अट २१ ते ६५. आईंनी ती बातमी दोनदा वाचली. "म्हणजे पासष्ट झाली की बहीण दोडकी!" त्याच वर्षी असंही ठरलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या नावाआधी आईचं नाव लावायचं. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "मुलाच्या नावात घातलं. आता सातबाऱ्यावर कधी घालतात ते बघायचं."

हे वाक्य मी हसून यांना सांगितलंसुद्धा. बघा, आई कुठल्या कुठे पोचतात!

गेल्या श्रावणात आईंचे धाकटे भाऊ, आमचे मामा, अचानक आले. बरोबर भाचा. आईंचं माहेर खटाव तालुक्यात. थोडी जमीन विहिरीखालची, थोडी रस्त्याकडेची मुरमाड. मामांनी येताना पिशवीभर भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या. चहा झाला, पावसाचं झालं, आणि मग भाच्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. त्याला कोंबड्यांची शेड टाकायची होती. कर्जासाठी बँकेने सातबारा मागितला. खातेदार म्हणून मामांचं नाव आणि खाली इतर हक्कात दोन्ही बहिणींची नावं. बँक म्हणते, ही नावं काढून आणा. धाकट्या मावशींनी आधीच सही दिलेली. "आत्या, फक्त तुमची राहिलीय. शनिवारी गाडी घेऊन येतो, कचेरीत पाच मिनिटांचं काम आहे."

मामा म्हणाले, "आक्का, तुझ्याकडे येताना मला काही विचार करावा लागला नाही बघ."

मला वाटलं, आई आता पेन मागतील. त्यांनी चष्मा मागितला. सात पानं टंकलेली. त्या एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागल्या. भाचा मोबाईल बघू लागला, मामा छताकडे. अर्ध्या तासाने आई म्हणाल्या, "यात दोन्ही गट घातलेत. शेड एकाच गटात टाकणार ना?"

मामांचा चेहरा मला आजही आठवतो. रागावले नव्हते ते. बावरले होते. ज्या बहिणीने जन्मात कधी भाव विचारला नाही, तिने गट नंबर विचारला होता.

त्या रात्री आमच्या घरात जे झालं ते लिहू की नको, असं वाटत होतं. पण लिहिते, कारण अशी रात्र तुमच्यापैकीही काही जणींच्या घरी झालेली असेल. हे म्हणाले, "आई, देऊन टाक सही. कशाला या वयात वाईटपणा? आपल्याला काय कमी आहे?" मला ते पटलं. माहेर एवढं एकच उरलंय त्यांना. दोन दिवसांनी यांना कुणीतरी त्या बाजूच्या जमिनीचे सध्याचे भाव सांगितले. मग हे म्हणाले, "तसं बघितलं तर आई, घाई नको करायला." आईंनी पेपरमधून मान वर काढली नाही. "परवाही तुझं मत विचारलं नव्हतं, आजही विचारलेलं नाही."

माझ्या एका मैत्रिणीची बहीण वकील आहे. आईंनी मला तिच्याकडे न्यायला लावलं. तिथे जे कळलं ते थोडक्यात सांगते, कारण मला स्वतःला ते धड माहीत नव्हतं. आईंचे वडील १९९१ मध्ये गेले. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. आईंचं लग्न १९६९ चं. म्हणजे त्या बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ ला देशभरासाठी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. तरी गावोगाव सांगत राहिले, वडील २००५ च्या आधी गेले असतील तर मुलीला काही नाही. मामांनाही कुणीतरी तेच सांगितलं होतं. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो वाद मिटवला. २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटण्या होऊन गेल्या असतील तर मात्र त्या उकरता येत नाहीत. आईंकडे वाटणी कधी झालेलीच नव्हती. तीन भावंडं, तीन वाटे.

वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. घरी बसून साध्या कागदावर सही केली, त्याने काम होत नाही. पण एकदा नोंदवलं की मागाहून "मला कळलं नव्हतं" म्हणून ते सहजी फिरत नाही. म्हणून सहीच्या आधी सातबारा बघावा आणि त्यावर लिहिलेल्या नंबरांचे फेरफारही बघावेत. सातबारा आता महाभूलेखच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. आमच्या मुलाने तो आजीला मोबाईलवर काढून दाखवला. इतर हक्क या रकान्यात स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं नाही, नवऱ्याचं. आई बघत राहिल्या. म्हणाल्या, "तळाशी का होईना, चौतीस वर्षं तिथे आहे मी. मला कुणी सांगितलंच नाही."

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "पण आई, मामांनीच सगळं केलं ना? आजींना शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळलं. विहिरीचं कर्ज फेडलं." मला मामांची बाजू दिसत होती आणि अजूनही दिसते. चौतीस वर्षं उन्हातान्हात राबलेला माणूस आणि भाऊबीजेला पाटावर बसून ओवाळणारी बहीण, यांचे वाटे सारखे कसे, हा प्रश्न काही चुकीचा नाही. आई म्हणाल्या, "त्याने आईचं केलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तिचं करायला मला कुणी बोलावलं होतं का? मी चार दिवस जास्त राहिले की तुझे सासरे पत्र टाकायचे." मग जरा वेळाने, "दीड हजारासाठी बायका दिवसदिवस रांगेत उभ्या राहिल्या, पेपरात फोटो होते. त्यातल्या किती जणींनी बापाची जमीन अशी पाच मिनिटांत सोडून दिली असेल!"

हे मत मी "हो का?" म्हणून सोडू शकले नाही.

कारण २०१६ मध्ये मीही सही केलीय. दादाने घराच्या कर्जासाठी मागितली होती. रजेचा दिवस होता, बाहेर गाडी उभी होती, वहिनीने डाळिंब्यांची उसळ केली होती. मी एक पानही उलटून बघितलं नाही. आणि मी शाळेत नागरिकशास्त्राचे तास घेते! न वाचता कुठेही सही करू नये, हे मुलांना दर वर्षी सांगते. दादा चांगला आहे, माझं काही वाईट झालेलं नाही. पण त्या दिवशी रिक्षात मला घाम फुटला, एवढं खरं.

आईंनी शेवटी काय केलं? रस्त्याकडेचा गट, जिथे शेड होणार, तो पुरा सोडला. पत्र नव्याने लिहून घेतलं, स्वतः वाचलं, एस. टी. ने स्वतःच्या ओळखपत्रावर फुकट गेल्या आणि कचेरीत अंगठ्याचा ठसा आणि सही दोन्ही देऊन आल्या. विहिरीचा गट ठेवला. मामांना म्हणाल्या, "पीक तुझंच. मला दाणा नको. पण नाव राहू दे. आणि ते खाली नको, तुझ्या शेजारी, वरच्या रकान्यात लाव." मामा फक्त "बघू" म्हणाले.

शेड उभी राहिली. भाच्याने फोटो पाठवला. मामांचा फोन मात्र नाही. दर भाऊबीजेला ते सकाळी अकराच्या आत यायचे. यंदा आईंनी ताट तयार ठेवलं, निरांजनातली वात दोनदा बदलली. दुपारी दोनला भाचा आला एकटाच. "बाबांचे गुडघे दुखतायत." आईंनी त्याला ओवाळलं, जेवायला घातलं, मामांसाठी अनारशाचा डबा आणि गुडघ्याला लावायचं तेल दिलं. तो गेल्यावर बराच वेळ पाट तसाच मांडलेला होता. उचलायला माझा हात होईना.

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, एवढ्यासाठी भाऊ तोडला. काही म्हणतील, दुसराही गट सोडायला नको होता. हे दोन्ही मला एकाच दिवशी दोन शेजारणींनी सांगून झालंय. आईंना कुणीच विचारलं नाही.

परवा सकाळी नेहमीप्रमाणे पेपर आला. आईंनी निधनवार्ता वाचल्या, पहिलं पान वाचलं, सरकारला दोन गोष्टी सुनावल्या. मी पोळी उलटत होते. मध्येच पेपर खाली ठेवून म्हणाल्या, "तुझ्या त्या कागदावर किती गट होते गं?"

मला सांगता येईना. संध्याकाळी कपाटातली जुनी फाईल काढली, तर आईंनी आधीच आपला चष्मा पुसून टेबलावर ठेवला होता.