हरित ऊर्जेच्या नोकऱ्या जमिनीखालीही आहेत. सीमाभागातली मुलं तिथवर पोहोचणार का?

बेळगाव : शेतात बोअर मारायची म्हटली की आपल्याकडे आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ धरून बांधावरून चालतो, नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी बोलवायची. पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब. अलीकडे खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडं काही शेतकरी दुसऱ्या माणसाला बोलावू लागलेत. तो जमिनीत चार सळ्या ठोकतो, वायर जोडतो, डब्यावरचे आकडे वहीत टिपतो. मग सळ्यांमधलं अंतर वाढवून पुन्हा तेच.

हा दुसरा माणूस जे करतो त्यालाच भूभौतिकशास्त्र म्हणतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांवर दाब मोजायचा. कोरडा, अखंड काळा दगड वीज अडवतो. भेगाळलेला, ओला दगड ती जाऊ देतो. सळ्यांमधलं अंतर वाढवलं की वीज अधिक खोलवर जाते. नुसती चिकणमाती असली तरी आकडा ओल्या दगडासारखाच येतो, म्हणून आकडा वाचणारा शिकलेला लागतो. नारळ आणि या डब्यात फरक एवढाच, की डब्याचा अंदाज चुकला तर का चुकला हे शोधता येतं आणि पुढच्या वेळी सुधारता येतं.

हे आता सांगायचं कारण, ऊर्जेचं चित्र बदलतंय. 2030 पर्यंत 500 गिगावॅट वीजक्षमता कोळसा-तेलाशिवाय उभी करायची आणि 2070 पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, असं देशानं जाहीर केलंय. या विषयावर बोलताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सोलर पॅनेल आणि सौंदत्तीकडच्या माळावरच्या पवनचक्क्या येतात. पण या कामाचा मोठा हिस्सा जमिनीखाली आहे, आणि तिथलं बघणारी माणसं आपल्याकडं थोडी आहेत.

कुठं लागतात ही माणसं?

पहिलं भूगर्भातल्या उष्णतेचं. कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी, आरवली इथले गरम पाण्याचे झरे आपल्याला माहीत आहेत ते आंघोळीला आणि देवदर्शनाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं 2022 मध्ये काढलेल्या नकाशासंग्रहात देशभरातल्या अशा 381 ठिकाणांची नोंद आहे. त्यातून साधारण 10,600 मेगावॅट वीज मिळू शकेल, असा अंदाज बरीच वर्षं सांगितला जातो. प्रत्यक्षात व्यापारी पातळीवर निघालेली वीज मात्र शून्य. लडाखच्या पुगा खोऱ्यात एक मेगावॅटचा पथदर्शी प्रकल्प उभारायचा करार ओएनजीसीनं फेब्रुवारी 2021 मध्ये केला. उंची चौदा हजार फुटांच्या वर, कामाचे महिने थोडे. तिथूनही अजून दिवे लागलेले नाहीत.

कोकणच्या झऱ्यांचं पाणी लडाखइतकं तापलेलं नाही. त्यामुळं मोठं वीज केंद्र हे सध्या स्वप्नच. काजू, आमसूल, मासळी वाळवायला किंवा शीतगृह चालवायला ती उष्णता वापरता येईल का, हा जास्त व्यवहारी प्रश्न आहे. पण त्यासाठीही झऱ्याचं पाणी कुठून, किती खोलवरून, कुठल्या भेगेतून वर येतं हे आधी कळायला हवं. खोल विहीर खोदायला कोटींचा खर्च. ती कोरडी गेली तर पैसे बुडाले. सर्वेक्षणाचा खर्च त्या मानानं किरकोळ. मी कॉमर्सचा विद्यार्थी. माझ्या हिशेबात सर्वेक्षण म्हणजे खोदकामाचा विमाच.

दुसरं, वीज साठवणूक. सूर्य मावळला की सोलर बंद. म्हणून दिवसा जादा विजेनं पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज घ्यायची, असे पंप्ड स्टोरेज प्रकल्प पुढं आलेत. आपल्या जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यात मलप्रभेच्या जलाशयालगत असाच खासगी प्रकल्प हाती घेतलाय. शरावती खोऱ्यातला 2000 मेगावॅटचा प्रकल्प सिंहपुच्छ वानरांच्या अभयारण्यामुळं वादात आहे. धरणाखालचा दगड पाणी धरेल का, बोगदा जाईल तिथं भेग आहे का, हे खोदण्याआधी सांगणं हे भूभौतिकवाल्याचं काम. जंगलात जितकी कमी भोकं पाडावी लागतील तितकं चांगलं, हे प्रकल्पाच्या बाजूच्यांनी आणि विरोधकांनीही मान्य करावं असं आहे.

तिसरं, खनिजं. बॅटरीला लिथियम लागतं. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात 59 लाख टनांचा साठा सापडल्याची बातमी आली आणि भारत आता लिथियमचा राजा, अशा थाटात आपण सगळ्यांनीच ती छापली. पण तो साठा ‘अनुमानित’ होता, म्हणजे अगदी प्राथमिक पायरीवरचा. पुढं लिलाव झाला तेव्हा पुरेसे बोलीदारच आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. जमिनीखाली नेमकं किती आणि कसं आहे, याची खात्री नसेल तर पैसेवाला पुढं येत नाही. ती खात्री वाढवणं हेच या शास्त्राचं काम. जानेवारी 2025 मध्ये केंद्रानं 16,300 कोटींच्या महत्त्वाच्या खनिजांच्या मोहिमेला मंजुरी दिली, त्यात शोधकामावर भर आहे.

याशिवाय समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी समुद्रतळाची तपासणी आहे, आणि कारखान्यांतला कार्बन वायू खोल दगडात कायमचा कोंडायची कल्पना आहे. आइसलँडमध्ये तो काळ्या दगडात, म्हणजे बसाल्टमध्ये सोडतात आणि तिथं त्याचं खनिज होऊन बसतं. आपण तर बसाल्टवरच राहतो. दख्खनचा हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि त्याची दक्षिण कड बेळगाव जिल्ह्यातच संपते. गोकाकच्या धबधब्याकडं गेलं की दुसराच, त्याच्याहून कितीतरी जुना वालुकाश्म दिसतो. या विषयाची प्रयोगशाळा आपल्या पायाखाली आहे.

कोयनेनं दिलेला धडा

प्रयोगशाळा म्हटलं की कोयना आठवणारच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा धक्का बेळगाव-निपाणीतल्या जुन्या मंडळींना अजून आठवतो. कोयना परिसरात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणातल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध जगात सगळ्यात जास्त अभ्यासला गेला तो तिथंच. आज कराडला केंद्र सरकारची भूभौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. तिनं कोयना परिसरात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा दगड, त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. बेळगावहून पुण्याला जाताना आपण या प्रयोगशाळेच्या गावावरून जातो, पण आत काय चालतं हे आपल्या किती बी.एस्सी.च्या मुलांना माहीत असेल?

हा धडा हरित ऊर्जेलाही लागू आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात 2006 मध्ये उष्णतेसाठी खोल खडकात दाबानं पाणी सोडलं, तेव्हा धक्के बसले आणि प्रकल्प बंद करावा लागला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला 2017 मध्ये 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला. तो तिथल्या भूऔष्णिक प्रकल्पामुळंच ओढवला, असा निष्कर्ष सरकारनं नेमलेल्या समितीनं 2019 मध्ये काढला. म्हणजे ऊर्जा स्वच्छ असली की धोका नाही, असं नाही. जमिनीचा आवाज रोज ऐकणारा, आणि गरज पडली तर ‘थांबा’ म्हणणारा माणूस प्रकल्पावर हवाच.

शिक्षण कुठं, दार कुठलं?

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित असलेल्या मुलांसाठी मुख्य दार म्हणजे जॅम ही परीक्षा. दरवर्षी फेब्रुवारीत होते. तिच्यातून मुंबई, खरगपूर आणि धनबादच्या आयआयटींत भूभौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते. बनारस हिंदू विद्यापीठात तीन वर्षांचा एम.एस्सी. टेक आहे. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात हा विषय आहे आणि त्याच शहरात 1961 पासून राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था आहे. हैदराबादेत आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळं मुलांना राहायला-खायला आधार मिळणं अवघड नाही. नवी मुंबईत भूचुंबकत्व संस्था आहे. तिची अलिबागची वेधशाळा 1904 पासून चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम आल्यावर कुलाब्याच्या नोंदींत गडबड होणार म्हणून ती तिकडं हलवली.

सीमाभागातल्या मुलासाठी यात एक मोठी गोष्ट आहे. कर्नाटकात राज्य सरकारी नोकरीला कन्नड परीक्षेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात 865 गावांतल्या उमेदवारांना सवलत आहे, पण दाखल्यांसाठी फेऱ्या किती माराव्या लागतात हे ज्यानं मारल्यात त्यालाच विचारावं. जॅम, गेट आणि केंद्र लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा यांना मात्र तुम्ही सीमेच्या कुठल्या बाजूचे, हे कोणी विचारत नाही. अडचण इंग्रजीची आणि गणिताची, आणि ती अभ्यासानं सुटणारी आहे.

इथं एक सावधगिरी. आयोगाच्या जाहिरातीत भूभौतिकतज्ज्ञ पदासाठी कुठल्या नावाच्या पदव्या चालतात, याची यादीच असते. हल्ली परदेशी शिक्षणाची दुकानं ‘शाश्वत ऊर्जा’, ‘ऊर्जा व्यवस्थापन’ अशा नावांच्या पदव्या वीस-तीस लाखांचं कर्ज काढून घ्यायला लावतात. नाव आकर्षक, पण आत लहरींचं गणित नाही, आकड्यांवरून जमिनीखालचं चित्र उलटं काढण्याची पद्धत नाही, शेतात उपकरण घेऊन काम नाही, तर तो माणूस सर्वेक्षणाच्या कामाचा नाही आणि आयोगाच्या यादीतही बसायचा नाही. परदेशी जायचंच तर डेल्फ्ट, झुरिक आणि आखेन या तीन विद्यापीठांचा मिळून उपयोजित भूभौतिकशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तशा ठिकाणांचा विषयवार अभ्यासक्रम आधी डोळ्यांखालून घालावा.

नोकरी आज आहे का?

खरं सांगायचं तर आज भारतात या पदवीला पगार देणारे प्रामुख्यानं तेल-वायूवाले आणि सरकारच आहेत. ओएनजीसी, ऑइल इंडिया, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, केंद्रीय भूजल मंडळ, अणुखनिज संचालनालय. आयोगाच्या परीक्षेत सगळ्या पदांच्या मिळून जागा काही वर्षी दोनशेच्या वर, काही वर्षी साठच्याही आत. भूऔष्णिक ऊर्जेच्या जाहिराती अजून बोटांवर मोजण्याइतक्या. समुद्री पवनऊर्जेसाठी केंद्रानं 2024 मध्ये 7,453 कोटींची योजना मंजूर केली, पण समुद्रात अजून एकही व्यापारी पवनचक्की उभी नाही. म्हणून ‘हरित नोकऱ्यांचा पूर आलाय’ असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तरी मी या विषयाच्या बाजूनं का? कारण या कौशल्याला मालक बदलता येतो. तेल शोधणारी लहर आणि गरम पाणी शोधणारी लहर एकच. आज तेल कंपनीत शिकलेला माणूस दहा वर्षांनी कार्बन कोंडण्याच्या किंवा साठवणुकीच्या प्रकल्पावर जाऊ शकतो. ओएनजीसीच पुग्यात उतरली, यातच ते आलं. आणि काहीच नाही झालं तरी आपल्या तालुक्यांतला भूजलाचा प्रश्न कुठं जात नाही. उलट केवळ एका योजनेच्या जोरावर निघालेली पदवी योजना संपली की पोरकी होते.

घरच्यांना एवढंच सांगणं : बी.एस्सी.ला गेलेला मुलगा किंवा मुलगी म्हणजे इंजिनिअरिंग हुकलेलं पोर, हा समज सोडा. रानोमाळ हिंडायचं काम मुलीला कसं जमणार, हाही सोडा. मुली हे काम करताहेत. आणि कॉलेजांनी जास्त काही नाही, तिसऱ्या वर्षाच्या मुलांची एक बस कराडला न्यावी. एका दिवसाचा खर्च. सहलीला गोव्याला जातोच की आपण.

कराडहून परतलेल्या चाळीस मुलांपैकी दोघांनी जरी जॅमचा अर्ज भरला तरी बसचं भाडं वसूल झालं म्हणायचं.