रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का दुखते?

“डॉक्टरसाहेब, समदं आंग ठणकायलंय. कुठं दुखतंय ते बोट ठेवून सांगताच येईना.” हे वाक्य आपल्या जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या कानावर नेहमी पडते. सांगणारी बहुधा तीस ते पन्नास वयाची बाई असते. हातातल्या पिशवीत कागद असतात. रक्त, लघवी, एक्स-रे, कधी नांदेडला जाऊन काढलेला कमरेचा एमआरआय. सगळ्यांवर शेरा एकच, नॉर्मल. मग सोबतचे कोणीतरी हळूच म्हणते, “काही निघालंच नाही, म्हणजे काही नाहीच की.”

तपासणीत काही निघाले नाही म्हणजे दुखणे खोटे, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि त्याने रुग्णाचे फार नुकसान होते. अशा रुग्णांपैकी काहींना जो आजार असतो त्याचे नाव फायब्रोमायल्जिया. नाव अवघड वाटले तरी आजार नवा नाही. १९०४ साली इंग्लंडमधील डॉ. गॉवर्स यांनी अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले होते. तंतूंना सूज येत असावी, असा त्यांचा अंदाज होता. पुढे शोध घेता सूज सापडली नाही. म्हणून १९७६ पासून फायब्रोमायल्जिया, म्हणजे स्नायू व तंतूंचे दुखणे, हे नाव रूढ झाले. जगभरात शंभर प्रौढांपैकी दोघाचौघांना हा त्रास असावा असे मानतात. पुरुषांनाही होतो, पण बायकांमध्ये अधिक आढळतो.

आजार ओळखायचा कसा?

दुखणे तीन महिन्यांहून जास्त दिवसांचे असते. ते शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खालीही असते. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे ते फिरत राहते. रात्रभर झोपूनही सकाळी ताजेतवाने वाटत नाही. थकवा असतो, विसरायला होते, हातापायांना मुंग्या येतात, डोके दुखते, पोट बिघडते. कोणी सहज खांद्यावर हात ठेवला तरी कळ येते.

१९९० साली अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांनी शरीरावरील १८ जागा ठरवून दिल्या होत्या. त्यांपैकी ११ जागा दाबल्यावर दुखल्या तर निदान पक्के मानत. २०१० साली नवे निकष आले. आता दुखणे किती भागांत आहे, झोप, थकवा आणि स्मरण कसे आहे, हे विचारून निदान करतात. थोडक्यात, रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून घेणे हीच यातली मुख्य तपासणी आहे. हा आजार दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा फोटो नाही.

मग बाकीच्या तपासण्या कशाला? दुसरे काही राहून जाऊ नये म्हणून. रक्त कमी असणे, थायरॉईड, मधुमेह, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, आमवात यांनीही अंग दुखते. २००६ साली राज्यात चिकुनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले होते, म्हणून मागे ताप आला होता का हेही विचारावे लागते. शेजारच्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्यानेही हाडे दुखतात व पाठ ताठरते, म्हणून बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे. सांध्यांना सूज असेल, सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, हातापायाची ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल किंवा पन्नाशीनंतर दुखणे एकाएकी सुरू झाले असेल, तर त्याला फायब्रोमायल्जिया म्हणून सोडून देऊ नये. लगेच तपासून घ्यावे.

अंगदुखी खेड्यात किती आहे, याचा चांगला अभ्यास आपल्याच राज्यात झालेला आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले. शंभरातल्या साधारण अठरा जणांना सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. आमवात मात्र हजारात पाच जणांनाच होता. उरलेल्यांत झिजेचे दुखणे होते, मऊ भागांचे होते, आणि कोणत्याही ठरावीक नावात न बसणारेही पुष्कळ होते. ही सगळी काही फायब्रोमायल्जिया नव्हे. पण रिपोर्टमध्ये न दिसणारे दुखणे खेड्यापाड्यात किती आहे, हे त्यावरून कळते.

दुखते तरी का?

रेडिओवर बातम्या त्याच असतात, पण आवाजाचे बटण कोणी पूर्ण फिरवून ठेवले तर कान फुटायची वेळ येते. या आजारात वेदनेचे बटण असेच वर चढलेले असते. शरीराकडून आलेला साधा निरोप मज्जारज्जू आणि मेंदू मोठा करून ऐकतात. २००२ साली अमेरिकेत १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे यांच्या अंगठ्याच्या नखावर सारखाच दाब देऊन मेंदूचे चित्र घेतले गेले. तेवढ्याच दाबाला रुग्णांच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे कितीतरी अधिक जागी झालेली दिसली. तेव्हा ‘ही नाटके करते’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालेले आहे.

झोपेचा संबंध तर फार जवळचा आहे. १९७५ साली कॅनडातील डॉ. मोल्डोफ्स्की यांनी निरोगी विद्यार्थ्यांची गाढ झोप आवाज करून काही रात्री मोडली. त्या धडधाकट पोरांचेही अंग दुखू लागले आणि स्नायू हळवे झाले. आता आपल्याकडची बाई डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठून पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, दिवसभर सोयाबीन किंवा हळदीच्या रानात वाकायचे, रात्री सगळ्यांचे झाल्यावर पाठ टेकायची. तीही मध्यरात्री कोणी खोकले तरी उठते.

सुईचा मोह

अशा वेळी झटपट आराम हवा असतो. एक सुई, एक सलाईन, मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या. पण या आजारात सूज नसते, त्यामुळे सूज उतरवणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा विशेष उपयोग होत नाही. रोज घेतल्या तर जठरात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. स्टिरॉइडचाही या आजारात उपयोग नाही. त्याने साखर आणि रक्तदाब वाढतो, तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात. ‘झाडपाल्याचे’ म्हणून मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. मात्र एक इशारा. असे औषध बरेच दिवस घेतले असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्यानेही जिवाला धोका होतो. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करावे.

खरी औषधे आहेत. रात्री अगदी कमी मात्रेत अॅमिट्रिप्टिलीन, किंवा ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबलिन. ती काहींना चांगली लागू पडतात, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

नैसर्गिक उपाय कोणते?

आपला जिल्हा हळदीचा. त्यामुळे पहिला प्रश्न हळदीचाच येतो. हळद घालून दूध जरूर प्यावे, गरम दुधाने बरे वाटते. पण हळदीने फायब्रोमायल्जिया जातो असे सिद्ध झालेले नाही. हळदीचा अर्क भरलेल्या महागड्या कॅप्सूल तर उगाच घेऊ नयेत. अशा अर्काने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वांगे सोडा, आंबट सोडा, डाळ सोडा, या पथ्यालाही आधार नाही. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाणे असे चौरस जेवण घ्यावे.

खरा उपाय चालण्याचा. युरोपातील संधिवात तज्ज्ञांनी २०१६ साली सगळे पुरावे तपासले, तेव्हा ठामपणे शिफारस केली ती एकट्या व्यायामाची. “दिवसभर खुरपं चालवते, तिला आणखी कसला व्यायाम?” असे मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तासन्‌तास एकाच जागी वाकून राहणे वेगळे आणि हात मोकळे सोडून चालणे वेगळे. सुरुवात पाच ते दहा मिनिटांनी करावी. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवावीत. अर्ध्या तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस, एवढे जमले म्हणजे पुरे. पहिले दोन-तीन आठवडे दुखणे थोडे वाढल्यासारखे वाटेल, म्हणून सोडू नये. २०१० साली अमेरिकेत ५३ रुग्ण स्त्रियांवर योगाचा प्रयोग झाला. ज्यांनी आठ आठवडे आसने, श्वसन आणि ध्यान केले त्यांचे दुखणे व थकवा कमी झाला.

झोपेची वेळ ठरलेली असावी. दुपारी चारनंतर चहा नको. झोपताना मोबाईल लांब ठेवावा. मिसरी किंवा तंबाखूची सवय असेल तर ती सोडावी, कारण तीही झोप मोडते. गरम पाण्याने अंघोळ, शेक, हलक्या हाताने तेल लावणे यांनी तात्पुरता आराम पडतो, तो जरूर घ्यावा. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याचे काम उरकायला जाऊ नये, नाहीतर पुढचे चार दिवस अंथरुणात जातात. काम वाटून, मध्ये बसून करावे. मन उदास राहत असेल, रडू येत असेल, तर तेही सांगावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

आता माझे स्पष्ट मत सांगतो. नैसर्गिक उपायांना पैसा लागत नाही असे आपण म्हणतो, पण वेळ लागतो, आणि या बाईजवळ तोच नसतो. बाटलीबंद औषध नवरा शहरातून आणून देऊ शकतो. तिची सात तासांची झोप आणि अर्ध्या तासाचे चालणे मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही, ते घरातूनच मिळावे लागते. पहाटेचे पाणी दुसऱ्या कोणी भरले, रात्रीची भांडी मुलाने घासली, हळद काढणीच्या दिवसांत तिला मधूनमधून पाठ टेकू दिली, तरच माझ्या चिठ्ठीवरचा ‘रोज चालणे’ हा सल्ला खरा ठरेल. एरवी तो कागदावरच राहतो, आणि बाई पुन्हा सुईकडे वळते.

या आजाराने जीव जात नाही, सांधे वाकडे होत नाहीत, हे रुग्णाने मनात पक्के धरावे. तो पूर्ण मुळासकट जाईल असे वचन कोणी देत असेल तर त्याच्या नादी लागू नये. पण सहा महिने नेटाने वरील गोष्टी केल्या तर पुष्कळ जणींचा दिवस सुसह्य होतो. घरच्यांनी एवढेच करावे. रिपोर्ट नॉर्मल आला की ‘काही नाही’ म्हणू नये. ‘गंभीर काही नाही, पण दुखणे आहे’ असे म्हणावे आणि तिच्या हातातली घागर आपल्या हातात घ्यावी.