लॉट तपासणारे, घर न तपासणारे

पिंपरी-चिंचवडमधल्या वाकड, पुनावळे, रावेत, मोशी, चऱ्होली या पट्ट्यात फ्लॅट बघत फिरणाऱ्याला हल्ली एक शहाणपण सगळीकडून ऐकू येतं: घर स्वतः तपासत बसायचे दिवस गेले. प्रकल्पाला महारेराचा नंबर आहे, बँकेच्या वकिलाने कागद पाहिले आहेत, पाच वर्षांची हमी कायद्यानेच दिली आहे आणि एवढं करून शंका उरलीच, तर ओल मोजायचं यंत्र घेऊन येणारा तपासनीस पैसे मोजून बोलावता येतो. मग नवरा-बायकोने टेप आणि टॉर्च घेऊन भिंती ठोकत कशाला फिरायचं? हे म्हणणं केवळ आळसातून आलेलं नाही. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते हसण्यावारी न नेता तपासलं पाहिजे. माझं म्हणणं असं, की या चार आधारांपैकी एकही घेणाऱ्याच्या स्वतःच्या पाहणीची जागा घेत नाही. ती पाहणी आधी झालेली असेल, तरच ते चारही धड उपयोगी पडतात.

आधी कायद्याचं पाहू, कारण सगळा भरवसा तिथेच ठेवला जातो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या ५५व्या कलमानुसार विकणाऱ्याने मालमत्तेतला महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. पण कोणता दोष? जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि सामान्य काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडला नसता, असा. या शेवटच्या अटीत सगळं आलं. बाथरूमच्या पाठच्या भिंतीला सुटलेले पापुद्रे उघड्या डोळ्यांना दिसत होते आणि तुम्ही त्या खोलीत गेलाच नाहीत, तर तक्रार घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार. नव्या इमारतीसाठी २०१६चा रेरा कायदा यापेक्षा उदार आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तीस दिवसांत स्वखर्चाने तो दूर करायचा, असं कलम १४ सांगतं. तरतूद उत्तमच, मात्र दोष निदर्शनास आणायचं काम ग्राहकाचं आहे. फरशी पहिल्या दिवसापासून पोकळ होती की तुमच्या सुताराच्या ठोकाठोकीने सुटली, हा वाद दोन वर्षांनी उभा राहतो तेव्हा ताब्याच्या दिवशीचे फोटो आणि लेखी यादी नसेल, तर कलम असूनही हात रिकामे. त्यातून ताबापत्रात बहुधा ‘पाहून, समाधान झाल्यावर ताबा घेतला’ अशा अर्थाचं वाक्य असतं आणि लोक न पाहताच त्याखाली सही करतात. पिंपळे सौदागरमधला पंधरा वर्षं जुना फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून घेणाऱ्याच्या वाट्याला तर ही पाच वर्षं येतच नाहीत.

बँकेचा आधार याहून फसवा आहे. तिचा वकील आणि मूल्यांकन करणारा जे पाहतात ते कर्ज सुरक्षित राहावं म्हणून; तुमच्या स्वयंपाकघरात पाणी किती तास येतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका २०१९च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी देते. त्यामुळे इथल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक हिशेबातला टँकरचा आकडा घराची किंमत ठरवायला हवा. तो मागून बघतात किती जण? आणि चाकणच्या भोवती गुंठ्या-गुंठ्याने, नोटरीच्या कागदावर जी जमीन हातोहात जाते, त्या व्यवहारात तर बँकही नसते आणि महारेराही. तिथे घेणाऱ्याचे डोळे हीच पहिली तपासणी आणि बहुधा शेवटचीही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की खरे धोके डोळ्यांना दिसतच नाहीत. चिखलीचं उदाहरण त्यासाठीच दिलं जाईल. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले तिथले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ही रेषा काही जमिनीवर आखलेली नसते, ती नकाशात असते, हे मान्य. पण नदी तर दिसते! नदीकाठच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या माणसाला निळी रेषा कुठून जाते, बांधकामाची परवानगी कुणी दिली, हे प्रश्न जागेवरच सुचायला हवेत. दलालाच्या ऑफिसात ब्रोशर चाळताना ते सुचत नाहीत. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतालच्या, बांधकामाला मनाई असलेल्या रेडझोनचंही तसंच. सीमारेषा दिसत नाही, पण तळवडे-रुपीनगरच्या बाजूला शेजारच्या दोन घरी ‘तुम्हाला कर्ज कुणी दिलं?’ एवढं विचारलं तरी बरंच कळतं. चिखलीत ज्यांची घरं गेली त्यांना दोष देण्याचा इथे हेतू नाही. बंगले उभे राहत असताना गप्प बसलेल्या यंत्रणेचा वाटा मोठा आहे. पण ज्या यंत्रणेवर विसंबा म्हणून सांगितलं जातं, ती किती उशिरा जागी होते, याचाही हाच पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अज्ञानाचा: आम्हाला बांधकामातलं काय कळतं? हा आक्षेप या पट्ट्यात तरी शोभत नाही. इथला फ्लॅट घेणारा माणूस बरेचदा चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात कामाला असतो. तिथे आलेला माल इनवर्ड तपासणीशिवाय लाइनवर जात नाही, गो-नो-गो गेजमध्ये न बसणारा भाग बाजूला काढला जातो, आणि पुरवठादाराने प्रमाणपत्र जोडलंय म्हणून कुणी व्हर्नियर खाली ठेवत नाही. काही रुपयांच्या बुशसाठी अख्खा लॉट परत पाठवणारा हाच माणूस वीस वर्षांच्या हप्त्यांचं घर सॅम्पल फ्लॅट बघून पसंत करतो. घराला लागणारी तपासणी त्याच्या रोजच्या कामापेक्षा सोपी आहे. टेपने खोल्या मोजून करारातल्या चटई क्षेत्राशी ताडून पाहायच्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते पाहायचं. फरशीवर नाणं वाजवलं की पोकळ जागा आवाजावरून कळते. वरच्या मजल्याचं घर असेल तर गच्चीचा कोबा पाहावा, आणि शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये. मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात. मंजूर नकाशे मागण्याचा हक्क रेराच्या १९व्या कलमाने दिलेलाच आहे. भोगवटा प्रमाणपत्राची प्रतही मागावी. कॉलममधली तिरकी भेग किंवा उघडी पडलेली सळई दिसली, की मात्र आपलं काम थांबतं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सुरू होतं. तज्ज्ञ नकोच, असं माझं म्हणणं नाही. पण त्याला कुठे बघायला सांगायचं, हे तरी आपल्याला कळलेलं असावं.

राहता राहिला विकणारा. आपणच आपले दोष शोधून दाखवायचे म्हणजे किंमत पाडून घेणं, असं त्याला वाटतं, आणि म्हणून विक्रीच्या आधी ओलीवर पुट्टी मारून रंग दिला जातो. हिशेब चुकतो तो इथेच. दिसणारा डाग घेणाऱ्याने पाहिलेला धरला जातो. रंगाखाली झाकलेला डाग मात्र सामान्य काळजीने सापडला नसता अशा दोषांत जमा होतो, आणि ठाऊक असलेला असा दोष न सांगणं हे कपटच, असं तेच ५५वं कलम स्पष्ट म्हणतं. म्हणजे झाकण्याचा खर्च करून विकणारा स्वतःचाच बचाव गमावतो. त्यापेक्षा विकण्याआधी घर स्वतः फिरून पाहावं, गळती कुठून आहे, तिची दुरुस्ती कधी केली, सोसायटीशी काय पत्रव्यवहार झाला, हे करारनाम्यातच लिहून द्यावं आणि त्या बदल्यात काही हजार रुपये कमी घ्यावेत. घासाघीस त्याच दिवशी संपते, आणि पहिल्या पावसानंतर वकिलाची नोटीस आलीच, तर उत्तर करारनाम्यात आधीच लिहिलेलं असतं.