गाठोड्यातली कातरणे

बहुतेक जुन्या घरांत कपाटाच्या माथ्यावर किंवा पलंगाखाली एक गाठोडे असते. त्यात विरलेल्या लुगड्याचे काठ असतात, धोतराचे पान असते, नातवंडांच्या झबल्यांचे तुकडे आणि शिंप्याकडून मागून आणलेली कातरणे असतात. घरातील तरुण मंडळींच्या लेखी ती अडगळ. ज्यांनी ते बांधून ठेवले त्यांच्या लेखी ते अजून व्हायचे असलेले काम. या दोन दृष्टींमधील अंतर किती महागात पडते, हे मी स्वतःच्या घरी अनुभवले आहे आणि त्यात चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई खुब्याचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात होत्या. त्या घरी येण्यापूर्वी त्यांची खोली मोकळी करावी, चालताना पायांत काही येऊ नये, या हेतूने मी त्यांचे गाठोडे बोहारणीला देऊन टाकले आणि त्या बदल्यात स्टीलचे एक पातेले घेतले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "माझं गाठोडं कुठं ठेवलंस गं?" मी खरे ते सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंस. जागा झाली." त्यानंतर त्यांनी काही मागणेच सोडून दिले. व्यायाम शिकवणारी मुलगी आली की "आज नको" म्हणत. एके दिवशी मी आग्रह केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "उठून मला करायचंय तरी काय?" माझ्यापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते.

वृद्धांच्या पडण्यामागे जमिनीवरील पसारा हे एक मोठे कारण असते, हे खरेच. तेव्हा खोली आवरणे आवश्यक होते. परंतु काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय मी त्यांच्या पाठीमागे घेतला. ज्या व्यक्तीचे उठणे, बसणे, जेवणे आणि औषधे सारे इतरांच्या हाती गेले आहे, तिच्याजवळ उरलेला एक अधिकार मी काढून घेतला होता.

यथावकाश मी गल्लीतील शिंप्याकडून पिशवीभर कातरणे आणली, नात्यातील स्त्रियांकडून जुनी सुती पातळे मागवली आणि सारे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. "यातलं काय कामाचं, ते मला कळत नाही," असे मी म्हणाले. आणि ते सत्यच होते. त्यांनी एक तुकडा उचलला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि बाजूला टाकला. "हे जिरलेलं आहे. टाका धरणार नाही." कित्येक दिवसांनी त्यांनी मला काही शिकवले होते.

कातरणांची वर्गवारी हे गोधडीचे पहिले काम आहे आणि ज्यांना अद्याप सुई धरवत नाही त्यांनाही ते करता येते. प्रथम कापडाची जात पाहावी. सुती वेगळे, रेशमी वेगळे, कृत्रिम धाग्याचे वेगळे. कृत्रिम कापड सुईखाली निसटते आणि घाम शोषत नाही, म्हणून अंगावर घ्यायच्या गोधडीत ते घालू नये. दुसरी पारख बळाची: ताणल्यावर विरणारे कापड वरच्या थराला निरुपयोगी, पण आतल्या भरणीला चालते. तिसरी आकाराची: वीतभर, चार बोटे आणि लांब पट्ट्या असे तीन ढीग पुरेत. शेवटी रंग: गडद, फिके आणि नक्षीचे. एका बैठकीत एकच वर्गवारी करावी. सारे ढीग एकाच वेळी मांडले की मन थकते आणि काम अर्धवट राहते.

वर्गवारी झाली की कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे. जुन्या कापडातील धूळ दम्याच्या रुग्णांना त्रास देते. त्यांनी कोरडे गाठोडे स्वतः झटकू नये, ते काम घरातील दुसऱ्या कोणी अंगणात किंवा गच्चीवर करावे. गडद लाल व निळे तुकडे प्रथम वेगळे भिजवावेत, म्हणजे कोणता रंग सुटतो ते कळते. साठवणुकीसाठी पारदर्शक डबे किंवा जुने उशीचे अभ्रे उत्तम. प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि ते कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवरच ठेवावेत. वाकावे लागू नये, स्टुलावर चढावे लागू नये. डांबरगोळ्या मात्र टाळाव्यात. त्या विषारी असतात आणि लहान मूल किंवा विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती त्यांना गोळ्या-पेपरमिंट समजून तोंडात घालू शकते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवण्याची आपली जुनी रीत बरी.

शिवण्याची वेळ आली की मोठ्या गोधडीपासून आरंभ करू नये. तिचे वजन मांडीवर व मनगटांवर येते. बाळंतविड्यातले दुपटे हा उत्तम आरंभ. खाली मऊ झालेल्या पातळाचा सलग तुकडा, मध्ये जुन्या सुती कापडाचा एक थर, वर जोडलेले तुकडे आणि साऱ्यांना धरून ठेवणारा धावदोरा, एवढाच त्याचा संसार. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून तुकडे लावत, टाके घालत, चारी बाजूंनी फिरत मध्यापर्यंत येतात. या पद्धतीत संपूर्ण नक्षी आधी ठरवावी लागत नाही, हाताशी असलेला पुढचा तुकडा लावत जायचे असते. थकवा लवकर येणाऱ्यांना ही रीत सोयीची वाटेल.

बसण्याची जागा खिडकीजवळ असावी, प्रकाश मागून किंवा बाजूने यावा. खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी जमिनीवर बसण्याचा मोह टाळून हातांची, उंच बैठकीची खुर्ची घ्यावी आणि काम टेबलावर ठेवावे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठावे. बोटांचे सांधे दुखत असतील तर मोठ्या नेढ्याची जाड सुई आणि शिंपी बोटात घालतात ते धातूचे टोपण वापरावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांना सुई टोचलेली कळत नाही. त्यांनी काम संपल्यावर बोटे न्याहाळून पाहावीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनीही टोपण वापरावेच. सुया मोजून घ्याव्यात, मोजून परत ठेवाव्यात. आमच्या घरी सकाळी शाळेला जाण्यापूर्वी नात दहा सुयांत दोरा ओवून ठेवीत असे. त्या दहा सुया संपल्या की आजीची सुट्टी. मोजमाप आपोआप राखले जाई आणि दोघींना एकमेकींची वाट पाहण्यास कारण मिळे.

या कामाने स्मरणशक्ती वाढते का, असे अनेकजण विचारतात. अमेरिकेत डॅलस येथे डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तींपैकी काहींनी तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, गोधडीसारखे शिवणकाम शिकले, काहींनी डिजिटल छायाचित्रण, तर काहींनी दोन्ही. अन्य गटांनी केवळ सहवासात किंवा घरच्या परिचित कामांत तेवढा वेळ घालवला. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता तुलनेने सुधारली, आणि छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा लाभ अधिक दिसला. यातून घ्यायचा बोध असा की, सवयीच्या कामात थोडे अवघड, थोडे नवे मिसळावे. आयुष्यभर चौकोन जोडलेल्या आजींनी त्रिकोण जोडून पाहावेत. निवृत्त आजोबांनी पुठ्ठ्याचे साचे मोजून कापावेत. पट्टी, पेन्सिल आणि काटकोन यांत पुष्कळ डोके चालते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी तीन सूचना. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला सुई न देता रंग वेगळे करण्याचे आणि घड्या घालण्याचे काम द्यावे. घडी चुकली तर तिच्यादेखत ती दुरुस्त करू नये. दुसरे असे की, हात हे प्रकृतीचे सूचकही असतात. निळा व काळा तुकडा ओळखण्यात वारंवार गफलत होऊ लागली तर नेत्रतपासणी करावी. वर्षानुवर्षे येत असलेल्या कामाचा क्रम विसरू लागल्यास डॉक्टरांना सांगावे. सुई एकाएकी हातातून गळून पडली आणि एका बाजूचा हात, चेहरा किंवा बोलणे यांत बदल जाणवला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तिसरे, त्यांचे टाके वाकडे आले तरी रात्री उसवून सरळ करू नयेत. ते त्यांना कळते.

सासूबाईंचे चालणे कातरणांमुळे सुधारले, असा दावा मी करणार नाही; त्यासाठी व्यायामच करावा लागला. इतकेच घडले की, डबे ठेवलेल्या कपाटापर्यंत जायचे म्हणून त्या वॉकर घेऊन उठू लागल्या आणि व्यायामाला नकार देईनाशा झाल्या. पहिले दुपटे पुरे व्हायला चार महिने लागले. त्याच्या मधोमध त्यांनी पिवळ्या काठाचा एक तुकडा लावला होता. तो कुठून आला, असे मी विचारले. बोहारणीला दिलेल्या गाठोड्यातला तो एकच तुकडा पलंगाच्या फटीत अडकून राहिला होता. तो त्यांच्या आईच्या लुगड्याचा होता. एवढे दिवस तो त्यांनी उशीच्या अभ्र्यात जपून ठेवला होता आणि मला दाखवला नव्हता.

तेव्हा या पंधरवड्यात आपल्या घरातील गाठोडे खाली काढाच. पण ते सोडण्याचे काम ज्याचे गाठोडे आहे त्याच्याकडे द्या. आपण शेजारी बसा आणि प्रत्येक तुकड्यापाशी विचारा, "हे कशाचं?" टाकायचे ते ती व्यक्ती स्वतःच बाजूला काढील. आमचे ते स्टीलचे पातेले अजून आहे. त्यात मी दोऱ्याची रिळे ठेवते.