मे महिन्यातले पाणी

शहापूर आणि मुरबाड हे तालुके एकदा श्रावणात पाहावेत आणि पुन्हा एकदा एप्रिलअखेर. भूमी तीच, पण ओळखू येत नाही. तेथील शाळांच्या परसबागांचेही असेच होते. पावसाळ्यात अंगणाच्या कडेने भेंडी, काकडी, दुधी, घेवडा असे काही ना काही वर येते, वेल छपरावर चढतात, तपासणीस आलेले अधिकारी समाधानाचा शेरा लिहून जातात. उन्हाळी सुट्टी संपवून जूनच्या मध्यास शाळा उघडते, तेव्हा मात्र वाळलेले दांडे आणि मोडलेले कुंपण तेवढे शिल्लक असते. मग पुन्हा वृक्षारोपण, आणि तेही बहुधा गतवर्षीच्याच खड्ड्यात!

याबाबत शासन उदासीन आहे, असे म्हणता येणार नाही. शालेय पोषण परसबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. महाराष्ट्रात परसबागांच्या स्पर्धाही झाल्या. परंतु स्पर्धेचे परीक्षण एका दिवसाचे असते आणि बागेची खरी परीक्षा घेणारा वैशाख कोणत्याही समितीत नसतो.

बागेकडून अपेक्षाही बेताचीच हवी. शालेय भोजनात प्राथमिक वर्गाच्या मुलास दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गाच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी मिळावी, असे प्रमाण ठरलेले आहे. चाळीस पटाच्या प्राथमिक शाळेसही त्यासाठी दिवसाला दोन किलो भाजी लागते. गुंठाभर जागा हे सारे वर्षभर पुरवील, हा हिशेब भाबडा आहे. मात्र शेवग्याची दोन झाडे, कढीपत्ता, पपई आणि हात धुण्याच्या पाण्यावर वाढणारे अळू व केळी यांची जोपासना झाली, तर आमटीत हिरवा पाला पडतो. निर्गुडीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. कुंपणास तीच बरी.

प्रश्न उरतो तो पाण्याचा. मुंबईची तहान भागवणारा तानसा तलाव १८९२ पासून शहापूर तालुक्यात आहे. महानगरास सर्वाधिक पाणी देणारे भातसा धरणही येथेच. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. ज्या घरातील मुलगी पहाटे डोक्यावर हंडा घेऊन अर्धा डोंगर चढून येते, तिलाच शाळेत पुन्हा झारी हाती देणे हा संस्कार नव्हे, अन्याय आहे. पाणी घालण्याच्या पाळीत मुलगे आणि मुली सारख्याच संख्येने असावेत, एवढा दंडक तरी मुख्याध्यापकांनी घालावा.

‘पोराला शिकायला धाडले, खणायला नव्हे’ हा पालकांचा आक्षेपही उडवून लावण्याजोगा नाही. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला कुदळीचे कौतुक सांगणे शोभत नाही. त्याचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यात सापडते. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलेले त्यांचे काम त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातलेच. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, असा त्यांचा विचार होता. मुलांचे काम त्यांनी शिक्षणाचे साधन केले. शिक्षणाच्या नावाखाली मुलांकडून काम करून घेतले नाही. वाफ्याची लांबी-रुंदी मोजताना क्षेत्रफळ समजले, टाकळा आणि कुर्डू यांची ओळख शहरातून आलेल्या गुरुजींना मुलानेच करून दिली, तर त्या पालकाचा आक्षेप बराचसा मावळेल.

आता सुशिक्षित कुटुंबांविषयी. जुलैतील एखाद्या रविवारी डोंबिवली-ठाण्याहून गाड्या येतात, रोपे लागतात, छायाचित्रे निघतात. हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. पण जुलैत रोप लावायला शहरातील माणूस कशाला हवा? ते काम सह्याद्रीचा पाऊस करतो. या कुटुंबांची गरज आहे ती साठवणीची टाकी आणि नळी यांचा खर्च उचलण्यासाठी, आणि एप्रिलात एकदा समक्ष येऊन झाडे जिवंत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी. रोजचे पाणी मात्र शाळेशेजारच्या दोन-तीन घरांनीच घालायचे आहे. त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून सत्काराचा नारळ देण्यापेक्षा सुट्टीतील सारे उत्पन्न त्यांचेच, असा ग्रामसभेत स्पष्ट ठराव करावा. मे महिन्यात जो पाणी घालील, शेंगा त्याच्या.

यातूनही काही मुले सुटतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांनी जुलैत बी टोकले, त्यांची नावे हजेरीपटावर राहतात आणि मुले भट्टीवर. स्थलांतर थांबवणे बागेच्या हाती नाही, पण वेलावरचा एखादा दुधी बियाण्यासाठी राखून ठेवणे आहे. गावातील आजीबाई तसेही राखेत घोळून बी जपतातच. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या नावाची पुरचुंडी त्यांच्यापैकी एकीकडे द्यावी आणि जूनमध्ये ती त्याच्या हाती परत मिळावी. वाफा तोवर रिकामा ठेवावा.