वाटाड्या नव्हे, विद्यार्थी

दर वर्षी ४ ऑक्टोबरला असिसीकर संत फ्रान्सिसचा सण येतो. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी या संताला परिसरशास्त्राच्या उपासकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. त्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांत वृक्षारोपण होते, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात, प्रवचनात पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा उल्लेख होतो. यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या संताने दारिद्र्याशी लग्न लावले, त्याच्या छत्राखालील या शास्त्राच्या वर्गात दरिद्री माणसाचे मूल बसलेले दिसते काय? हा प्रश्न आम्हांला विचारावयाचा आहे, आणि तो प्रथम स्वतःलाच.

डहाणू तालुक्याचेच उदाहरण घेऊ. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण येथील ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदरास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आणि ऑगस्टच्या अखेरीस पायाभरणीही झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालण्याची ही योजना. बंदर हवे की नको, या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाच्या परिणामांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. स्थानिक भाषेत मिळतो तो त्याचा सारांश. कोणत्या भरतीला कोणता मासा खाडीत शिरतो, पिल्ले कोठे वाढतात, हे ज्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे तो मच्छीमार जनसुनावणीत उभा राहतो, चार मिनिटे बोलतो, आणि त्याचे बोलणे ‘हरकत’ म्हणून नोंदले जाते. तीच गोष्ट पदवीधराने लिहिली की ती ‘माहिती’ ठरते. त्या मच्छीमाराची मुलगीच परिसरशास्त्राची पदवी घेऊन अहवाल लिहिणाऱ्यांच्या बाकावर बसलेली असती, तर तिच्या बापाच्या ज्ञानाला असे बाहेर तिष्ठावे लागले नसते.

ती तेथे का नाही? ‘या मुलांना आवडच नसते’ असे सांगून पुष्कळजण मोकळे होतात. हे असत्य आहे. वारली पाड्यावरच्या दहा वर्षांच्या मुलाला जितकी झाडे नावानिशी ओळखता येतात, तितकी शहरातल्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरालाही अनेकदा ओळखता येत नाहीत. आवड आहे, अडसर दाराला आहे.

पहिला अडसर भाषेचा. मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाच्या हाती अकरावीच्या विज्ञान शाखेत एकाएकी इंग्रजी पाठ्यपुस्तक पडते, आणि ज्याला पान पाहून झाड सांगता येत होते तो वर्गात मुका होतो. पुढे संशोधनवृत्ती मिळवून देणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत विज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत निघते. भारतीय वनसेवेच्या मुख्य परीक्षेची उत्तरे तर केवळ इंग्रजीतच लिहावी लागतात. म्हणजे जिल्हाधिकारी होण्याची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. परंतु अरण्याचा अधिकारी होण्याची देता येत नाही! अरण्यात राहणाऱ्यालाच अरण्याच्या कचेरीबाहेर ठेवणारा याहून मोठा विनोद कोणता?

दुसरा अडसर पैशाचा. या शास्त्रात शिरू पाहणाऱ्याने आधी रानात, खाडीवर, कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करावी, अशी अपेक्षा असते. ती उमेदवारी बहुधा बिनपगारी, फार तर प्रवासखर्चापुरती. दुर्बीण स्वतःची हवी, सहा महिने घरी पैसे पाठवले नाहीत तरी घर चालायला हवे. डेहराडून किंवा बंगळूरच्या नामांकित संस्थांतील मोजक्या जागांसाठी हाच अनुभव ‘गुणवत्ता’ म्हणून मोजला जातो. ज्याचा बाप पोसू शकतो तो गुणवान ठरतो. ज्याला सुट्टीत वीटभट्टीवर जावे लागते तो ठरत नाही.

कोणी म्हणेल, आता तर अशा लोकांचा मोठा सन्मान होतो. होतो खरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कातडीसाठी साप पकडण्याचा धंदा बंद पडलेल्या तमिळनाडूतील इरुळा आदिवासींनी १९७८ साली सहकारी संस्था काढून विष काढण्याचे काम पत्करले. त्यांच्यापैकी वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली तोच किताब जाहीर झाला. या सन्मानाने आम्हांलाही आनंद झाला. परंतु शाल-श्रीफळ म्हातारपणी मिळते. प्रवेश तरुणपणी हवा असतो. आज्जीचा फोटो भिंतीवर लावायचा आणि नातीला प्रयोगशाळेच्या दारात उभे करायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

दार उघडले तर काय होते, याचा दाखला जुनाच आहे. १८९७ साली तलश्शेरीत, त्या काळी खालच्या मानलेल्या थिय्या समाजात जन्मलेल्या जानकी अम्माळ मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवीत होत्या. आशियाई स्त्रियांसाठी असलेल्या एका शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ साली डॉक्टरेट घेऊन भारतातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ झाल्या. एका शिष्यवृत्तीची ही करणी!

आता आपल्याकडे वळू. धर्म आणि विज्ञान यांचे वैर आहे असे कोणी म्हटले की आपण अभिमानाने दोन येशूसंघीयांची नावे घेतो: मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाला ज्यांचे नाव आहे ते फादर ब्लॅटर, आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले फादर सांतापाव. एक स्विस, दुसरे स्पॅनिश. परदेशातून येऊन त्यांनी आपल्या डोंगरांतली झाडे ओळखली. आपल्या घरांतून त्यांचे वारस किती निघाले? मूल कीटक न्याहाळीत बसले की आपणच दटावतो, ‘झाडे मोजून पोट भरते काय?’ परिचारिका, बँक, आखात याच वाटा आपल्याला ठाऊक. त्या वाटांनी आपल्याला तारले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु विहिरी खारट होत असताना, शेते बुजत असताना, त्या पाण्याचे आणि मातीचे शास्त्र जाणणारे एकही मूल गावात नसावे, ही परवडणारी काटकसर नव्हे.

आपल्यातील काहींना सरकारी दारही बंद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितास अनुसूचित जातीचा दर्जा नाही. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, आपल्या बांधवांना अद्याप नाही. त्यामुळे अनुसूचित जातींसाठीच्या संशोधनवृत्त्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती दलित मुलाला मागता येत नाहीत. या अन्यायाविरुद्ध लढावेच. पण निकाल लागेपर्यंत त्या मुलाचे वय थांबणार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वृक्षारोपणाच्या मंडपावर व फलकांवर जो खर्च होतो, त्यातून शेजारच्या चार धर्मग्रामांनी मिळून दर वर्षी एका मुलाच्या किंवा मुलीच्या उमेदवारीचा खर्च उचलावा. ते मूल कोळ्याचे, वारल्याचे, कातकऱ्याचे वा दलिताचे असावे, आणि आपल्याच धर्माचे असावे अशी अट नसावी. निवृत्त शिक्षकांनी दहावीनंतरच्या सुट्टीत विज्ञानाच्या इंग्रजीचा वर्ग धर्मग्रामाच्या सभागृहात चालवावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावयास हवी. आपल्या वसतिगृहांतील मुलांना ती नोंदवही लिहावयास बसवावे. त्यांचा पहिला शोधनिबंध तोच असेल.

धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे नाणे त्या मुलांनी पुरलेले नाही. ते पुरून ठेवणारे हात आपले आहेत, आणि धन्याला हिशेब द्यावयाचा आहे तोही आपणच.