घोरणं हसण्यावारी नेऊ नका

मैत्रिणींनो, कुणी घोरू लागलं की आपण म्हणतो, ‘काय गाढ झोप लागलीय बघा!’ मीही तसंच समजत होते. सासूबाईंच्या दुखण्यानं माझे डोळे उघडले.

गेल्या वर्षी त्या गॅसवर दूध ठेवून विसरू लागल्या. दुपारी तांदूळ निवडता निवडता ताटापुढेच डुलक्या घेत. “साठी उलटली, आता असंच चालायचं,” असं घरात सगळेच म्हणत होतो. परीक्षेच्या दिवसांत माझी मुलगी त्यांच्या खोलीत झोपू लागली. तिसऱ्या दिवशी ती घाबरून म्हणाली, “आई, आजी घोरता घोरता एकदम गप्प होते गं. श्वासच घेत नाही. मग दचकून मोठ्ठा श्वास घेते.”

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी रात्रभराची झोपेची तपासणी करायला लावली. निदान झालं, ‘स्लीप अ‍ॅप्निया’. यात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, दहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही! तासाला असं पाचपेक्षा कमी वेळा झालं तर चिंता नाही. तीस किंवा जास्त वेळा झालं, तर दुखणं तीव्र समजतात. सासूबाईंचा आकडा होता ३४.

याचा विसरभोळेपणाशी काय संबंध? अमेरिकेत क्रिस्टीन याफे यांनी २९८ वृद्ध स्त्रियांची पाहणी केली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीला त्यांतल्या कुणालाच स्मृतिभ्रंश नव्हता. सुमारे पाच वर्षांनी पाहिलं, तर झोपेत श्वास अडणाऱ्या स्त्रियांपैकी ४५ टक्के जणींची स्मरणशक्ती कमी झाली होती किंवा त्यांना स्मृतिभ्रंश जडला होता. बाकीच्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. म्हणजे घोरणाऱ्या प्रत्येकीला स्मृतिभ्रंश होतो असं मुळीच नाही. पण धोका वाढलेला दिसतो.

यावर सीपॅप नावाचं यंत्र आहे. नाकावरच्या मुखवट्यातून ते हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. सासूबाई त्याला ‘हत्तीची सोंड’ म्हणतात! पहिले पंधरा दिवस कुरकुरल्या, आता स्वतःच लावून झोपतात. दुपारच्या डुलक्या गेल्या, दूधही उतू जात नाही. स्मृतिभ्रंश यानं टळतोच, असं मात्र डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत.

आता थोडं आपल्याविषयी. पाळी गेल्यावर बायकांतही हे दुखणं वाढतं. सकाळी डोकं दुखणं, दिवसभर थकवा, रात्री झोपमोड ही लक्षणं आपण ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देतो. शिवाय बाईमाणसानं घोरावं याची लाज! यजमान घोरले तर आपण जाग्या असतो, आपण घोरलो तर ते मात्र खुशाल झोपलेले. तेव्हा मुलीला, बहिणीला विचारा, “मी झोपेत कशी श्वास घेते गं?”

वजन जास्त असेल तर कमी करा, कुशीवर झोपा, झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नका. आणि श्वास अडतोय असं कुणी सांगितलं, तर घरच्यांची सगळी कामं उरकायची वाट न बघता आधी डॉक्टरांकडे जा.